संयुक्त प्रथिनें आणि एक अपुरें रूपक

डॉ. सिद्धार्थ मुखर्जी यांचा 'दि एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' हा कर्करोगाचा चरित्रग्रंथ २०१० सालीं प्रसिद्ध झाला व पुढील वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. ग्रंथाची योग्यता वादातीत आहे. शास्त्रीय विषय इतक्या रसाळपणें सांगणारे लेखक इंग्रजींतहि थोडेच. आमचा आक्षेप आहे तो त्यांतील, आणि या विषयावरील बहुतेक लोकप्रिय लेखनांतील, एका रूपकास. पेशी ही जणूं मोटार. कर्करोगांत तिचा अ‍ॅक्सिलरेटर दबलेला राहतो, किंवा ब्रेक निकामी होतो. रूपक सुटसुटीत आहे, पुष्कळ ठिकाणीं तें लागूहि पडतें. परंतु गुणसूत्रें तुटून भलतीकडे सांधलीं गेल्यामुळें जीं संयुक्त प्रथिनें निर्माण होतात, त्यांच्यापाशीं तें लंगडें पडतें.

जेम्स यूइंग यांनीं १९२१ सालीं वर्णिलेला, मुलांस व तरुणांस होणारा हाडांचा कर्करोग घ्या. त्यांत बहुधा ११ व्या व २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, आणि 'ईडब्ल्यूएस' व 'एफएलआय-१' हीं दोन जनुकें एकमेकांस जोडलीं जातात. ही जोडणी १९९२ सालीं उघडकीस आली. एफएलआय-१ चें नित्याचें काम म्हणजे डीएनएवरील ठराविक जागा ओळखून तेथील जनुकाच्या प्रतिलेखनाचें नियमन करणें. संयुक्त प्रथिनांत जागा ओळखणारा हा भाग शाबूत राहतो. पण त्याच्या पुढें ईडब्ल्यूएसचा तुकडा येऊन बसतो. मग काय घडतें? आपल्या डीएनएंत 'जी-जी-ए-ए' हीं चार अक्षरें पुनःपुन्हा आलेल्या कित्येक ओळी आहेत. निरोगी पेशींत त्या बहुतांशीं मुक्या असतात, आणि एकट्या एफएलआय-१ ला त्या जागवितां येत नाहींत. संयुक्त प्रथिन तेथें गोळा होतें, गुंडाळलेला डीएनए उकलणारी यंत्रणा ओढून आणतें, आणि आसपासच्या जनुकांचें प्रतिलेखन सुरू होतें. तेंच प्रथिन अन्यत्र दुसरीं जनुकें बंदहि करतें. आतां यास अ‍ॅक्सिलरेटर म्हणावें कीं ब्रेक?

येथें फरक वेगाचा नसून अर्थाचा आहे, आणि त्यास आपल्या व्याकरणांत बहुव्रीहि समासाचा दाखला तयार आहे. 'नीलकंठ' म्हणजे निळा रंगहि नव्हे आणि गळाहि नव्हे. (विद्यार्थ्यांस समासापेक्षां मोटार लवकर समजते, हें मी जाणून आहें.)

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. मोटारीच्या रूपकावर विसंबलें तर उपचार एकच सुचतो: गाडी थांबवा, पेशी मारा. पण प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोगाची हकीकत निराळी आहे. तेथें १५ व्या गुणसूत्रावरील 'पीएमएल' १७ व्यावरील 'आरएआर-आल्फा'स चिकटतें. मूळ आरएआर-आल्फा कांहीं जनुकें दाबून धरतें, व 'अ' जीवनसत्त्वापासून होणारें रेटिनॉइक आम्ल अल्प प्रमाणांत मिळतांच तीं मोकळीं करतें. संयुक्त प्रथिन तेवढ्यानें पकड सोडीत नाहीं, आणि रक्तपेशी अपक्वच राहतात. पण तें ठार बहिरें नव्हे. त्यास मोठ्यानें हांक मारावी लागते. शांघायच्या वैद्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत, या आम्लाचा एक प्रकार औषधी मात्रेंत दिल्यावर २४ पैकीं २३ रोग्यांच्या रक्तांतील रोगलक्षणें नाहींशीं झालीं. पेशी मारल्या गेल्या नाहींत, पिकल्या. एवढ्यानें रोग पुष्कळदां उलटे, हेंहि खरें. पुढें सोमल उपयोगांत आला. तो पीएमएलच्या भागास धरतो आणि सबंध प्रथिनच मोडतें. समासाच्या दोन्ही पदांस असें एकेक औषध मिळालें. नेहमींची रसायनचिकित्सा टाळून हीं दोनच औषधें दिलेल्या मध्यम व कमी धोक्याच्या रोग्यांची २०१३ सालीं तुलना प्रसिद्ध झाली. तींत दोन वर्षांनंतर शेंकडा ९७ रोगी निर्वेध होते, जुन्या पद्धतींत ८६.

मुखर्जींनीं शांघायची कथा सुंदर सांगितली आहे. तरीहि पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनांत रेंगाळते ती मोटारच, आणि त्या एका रोगाचें यश त्यास निव्वळ दैवाचें वाटूं लागतें. यूइंगच्या रोगांत मात्र असा विग्रह अद्याप कोणास साधलेला नाहीं. तेथें शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेशीमारक औषधें यांवरच भिस्त आहे.