प्रवेश आणि किल्ली : एका कलमाची वाक्यरचना

'महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७०' या कायद्याने सदनिकामालकांच्या संघास प्रत्येक सदनिकेत प्रवेश करण्याचा अप्रतिसंहरणीय हक्क दिला आहे. त्याची प्रयोजने दोन : सामाईक भागांची देखभाल-दुरुस्ती, आणि नुकसान टाळण्यासाठी करावयाची तातडीची दुरुस्ती. मूळ इंग्रजी कलमात मात्र ही दोन्ही एकाच वाक्यात गोवलेली असून 'वाजवी वेळी' या अर्थाचा कालवाचक पदबंध दोहोंच्या आधी येतो. व्याकरणदृष्ट्या तो दोहोंनाही लागू पडतो. तसे वाचल्यास मध्यरात्री नळ फुटला तरी संघास सकाळपर्यंत थांबावे लागेल. कायद्याचा हेतू असा असणे संभवत नाही.

ही अडचण पुढे करून मालकाकडे किल्ली मागितली जाऊ शकते. परंतु त्या कलमात किल्लीचा उल्लेख नाही. प्रवेशाचा हक्क प्रसंगापुरता असतो; किल्ली प्रसंग सरल्यावरही हाती उरते. म्हणून 'प्रवेश' या शब्दात किल्लीचा ताबा अंतर्भूत मानणे म्हणजे प्रासंगिक क्रियेस कायमची अवस्था समजणे होय. तातडीच्या दुरुस्तीस वेळेच्या अटीतून स्पष्ट शब्दांत वगळावे आणि किल्ली मालकाच्या संमतीवर सोपवावी. म्हणजे एकाचा उंबरठा आणि दुसऱ्याचे छत, दोहोंचेही रक्षण होईल.