पीएच.डी.चा आराखडा आणि आदिलाबादची कसोटी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९, २०१६ आणि २०२२ या वर्षी काढलेल्या विनियमांनी पीएच.डी.च्या अभ्यासाला एक निश्चित आराखडा दिला आहे. प्रवेशपरीक्षा, प्रबंधापूर्वीचा अभ्यासक्रम, दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगतीचे निवेदन, मुदतीची मर्यादा आणि बाहेरचे परीक्षक, असे त्याचे टप्पे आहेत. २०२२ च्या विनियमांत या अभ्यासक्रमासाठी किमान १२ श्रेयांक सांगितले असून त्यांत संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा अभ्यास अनिवार्य केला आहे. प्रबंधाची मुदत किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांची आहे. हा आराखडा मानव्यविद्यांना, विशेषतः आमच्या मराठी विभागांना, कितपत मानवतो याचा विचार आम्ही येथे करीत आहो. नुसते नियम वाचून हा विचार पुरा होणार नाही. एखादा खरा संशोधनविषय त्या नियमांपुढे ठेवून पाहिले पाहिजे. असा विषय आम्ही आदिलाबादेतून घेतला आहे.

पैनगंगेच्या दक्षिणेचा हा जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि २०१६ मध्ये राहिलेल्या जिल्ह्याचे आणखी चार जिल्हे झाले. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू या भाषा येथे एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. राजगोंडांच्या कुळकथा गाण्याचा वारसा परधानांकडे आहे. या परधानांची घरची बोली मराठी. परंतु यजमानाच्या कुळदैवतापुढे ते कथा गातात ती गोंडीत. घरी एक भाषा आणि अनुष्ठानात दुसरी, अशी ही वाङ्मयपरंपरा आहे. एका भाषेतील शब्द, लय आणि कथनाच्या लकबी दुसरीत कशा उतरतात, हे पाहण्यास याहून चांगले स्थळ मराठीच्या अभ्यासकाला क्वचितच मिळेल.

परंतु हा विषय घेऊन विद्यार्थ्याने जावे कोठे? किनवट नांदेडच्या विद्यापीठाकडे, राजुरा गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे आणि आदिलाबाद वारंगळच्या काकतीय विद्यापीठाकडे येते. मराठीच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे ती हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात. गीत गोंडी म्हणून मराठी विभागाने ते भाषाविज्ञानाकडे पाठवावे, भाषाविज्ञानाने विधी म्हणून मानवशास्त्राकडे आणि मानवशास्त्राने वाङ्मय म्हणून परत मराठीकडे, असा प्रकार होणे अशक्य नाही. आराखड्यात सह-मार्गदर्शकाची सोय आहे. दोन विभागांनी मिळून विद्यार्थी घडवावा ही अपेक्षा मात्र त्यात कोठेही ठळकपणे येत नाही.

या प्रदेशावर मोलाचे काम ज्यांनी केले, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम पडल्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या प्रश्नाकडे लक्ष दिले आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे आदिलाबादेत आले. मारलवाई या गोंड वस्तीत राहून त्यांनी केलेल्या अभ्यासातून राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्रही निघाले आणि गोंडीची पहिली क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. हैदराबादच्या मुलकी सेवेतील सेतुमाधवराव पगडी यांनी याच जिल्ह्यात गोंडी व कोलामी आत्मसात करून दोन्हींची व्याकरणे लिहिली. पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झालेल्या या पुरुषाचे हे आरंभीचे कार्य आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

हे कार्य कोणत्याही पीएच.डी.च्या नियमाखाली झाले नाही, हे खरे. त्यावरून कित्येकजण असा निष्कर्ष काढतात की, नियमांचे जोखड काढून टाकले म्हणजे संशोधन आपोआप फुलेल. तो आम्हांस मान्य नाही. हायमेनडॉर्फ सरकारचे सल्लागार होते, पगडी अधिकारी होते. दीर्घ वास्तव्य, भाषा शिकविणारी माणसे, प्रवासाची सोय आणि दप्तरापर्यंतचा प्रवेश या गोष्टी त्यांना पदाने मिळवून दिल्या. उटनूरच्या वा इंद्रवेल्लीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला त्या कोण देणार? जुन्या पद्धतीत तिचे सारे भवितव्य एका मार्गदर्शकाच्या मर्जीवर आणि सवडीवर राहिले असते. समिती, मुदत आणि बाहेरचे परीक्षक यांनी तिला काही संरक्षण दिले आहे. म्हणून आराखडा असावा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. आमचा आक्षेप असा की, पदाने त्या दोघांना जे दिले, ते हा आराखडा विद्यार्थ्याला देत नाही. तो वेळ मोजतो, श्रेयांक मोजतो; विषयाला लागणारी साधने हाती देण्याची जबाबदारी मात्र घेत नाही.

वस्तुतः ती जबाबदारी घेण्यास नियमांची आडकाठी नाही. १२ श्रेयांकांत काय शिकवावे हे बरेचसे विद्यापीठाच्या हाती आहे. असे असता सर्व मानव्यविद्यांना एकच संशोधनपद्धतीची पत्रिका लावून मोकळे होण्याचा मोह विभागांना पडतो. गृहीतक, नमुनानिवड आणि संदर्भसूची यांची टिपणे पाठ करून परधानाच्या गाण्यातील एक ओळही कळणार नाही. या विषयाच्या विद्यार्थ्याला एक सत्र गोंडी शिकण्यास, दुसरे ध्वनिमुद्रण व लिप्यंतर यांच्या सरावास मिळावे. निजामी अमलाचे दप्तर वाचण्याइतकी उर्दू त्याला यावी. आदिलाबादच्या गुंजाळा गावातील जुन्या गोंडी पोथ्यांकडे २००६ च्या सुमारास अभ्यासकांचे लक्ष गेले आणि त्यांची लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. ती लिपी शिकणे हेही आता पूर्वतयारीत धरले पाहिजे. विद्यार्थी स्वतः परधान वा गोंड असेल, तर त्याची गरज निराळी. भाषा त्याच्यापाशी आहे. त्याला हस्तलिखितशास्त्र आणि तुलनात्मक वाङ्मयाभ्यास द्यावा. एकच पत्रिका या दोघांपैकी कोणाच्याच उपयोगाची नाही.

वेळापत्रकाचाही प्रश्न आहे. केसलापूरची नागोबाची यात्रा पौषातील अमावास्येला भरते. कुळकथा त्या त्या विधीच्या वेळीच गायिल्या जातात. विद्यापीठाच्या सुट्ट्या पाहून त्या गायिल्या जात नाहीत. सत्राची हजेरी आणि क्षेत्रातील वास्तव्य यांचा मेळ घालण्याची मुभा समितीने आधीच लेखी दिली पाहिजे. शिवाय प्रकाशननीतीच्या अभ्यासात वाङ्मयचौर्याबरोबर आणखी एक प्रश्न यावा : ज्या गायकाचे गाणे प्रबंधात उतरले, त्याचे नाव कोठे येते आणि मुद्रिताची प्रत त्याच्या गावी पोचते की नाही?

आमच्या मराठीच्या अध्यापकांना आमचे सांगणे एवढेच की, नव्या विनियमांविषयीची तक्रार करण्यापूर्वी आपल्या विभागाची ती १२ श्रेयांकांची पत्रिका त्यांनी एकदा काढून पाहावी. नांदेड, गडचिरोली, वारंगळ आणि हैदराबाद येथील विभागांनी एकत्र बसून सीमाप्रदेशाच्या वाङ्मयासाठी एक समाईक अभ्यासक्रम आखणे काही फार कठीण नाही, आणि साहित्य संस्थांनी त्यात पुढाकार घेणे उचितच होईल. गोंडीत गाणारे आणि घरी मराठी बोलणारे वृद्ध परधान आज हयात आहेत. आराखड्याची पुढची दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी थांबावे, अशी अपेक्षा करता येत नाही.