ओळींमधील अंतर आणि कवितेची मुद्रित संहिता

1

साहित्यकृतीची संहिता म्हणजे शब्दांचा एक निश्चित क्रम, हे गृहीतक मराठी समीक्षेत बहुधा निर्विवाद मानले गेले आहे. पाठचिकित्सेत शब्द, प्रत्यय, फार तर विरामचिन्हे यांतील भेदांची नोंद होते. दोन ओळींमध्ये किती कोरी जागा सोडली आहे याची नोंद सहसा होत नाही. ती बाब मुद्रकाची, जुळाऱ्याची किंवा संगणकावर पृष्ठरचना करणाऱ्याची समजली जाते. कथा-कादंबरीच्या बाबतीत ही विभागणी बऱ्याच अंशी चालून जाते. छंदमुक्त कवितेच्या बाबतीत मात्र ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. कवितेच्या अर्थाला आकार देण्यात ओळींमधील अंतराचा जो वाटा असतो, तो त्या अंतराच्या निरपेक्ष मापात नसतो. ओळी-ओळींमधील अंतर आणि कडव्या-कडव्यांमधील अंतर यांच्या परस्परप्रमाणात तो असतो. हे प्रमाण ढळले की शब्द तेच राहूनही संहिता बदलते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

2

चरण आणि ओळ या दोन संज्ञा मराठीत अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. वस्तुतः त्या दोन भिन्न व्यवस्थांतील आहेत. चरण हा छंदाचा घटक आहे, ओळ ही पृष्ठाची. हस्तलिखित पोथीत मजकूर कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग चालत असे आणि ओवी कोठे संपली हे दंडावरून व क्रमांकावरून कळत असे. चरणाचा शेवट डोळ्याला नव्हे, कानाला उमगावयाचा होता. म्हणूनच एखादी ओवी आज कोठे दोन, तर कोठे चार ओळींत छापलेली आढळली तरी तिच्या ओवीपणाला बाध येत नाही. यमक आणि चरणांची घडण तिला सांभाळून घेतात.

मुद्रणाने चरणाला स्वतंत्र ओळ दिली, आणि पुढे मुक्तछंदाने त्या ओळीवर नवी जबाबदारी टाकली. अनिलांची ‘भग्नमूर्ती’ 1940 मध्ये प्रसिद्ध झाली, तोपर्यंत चरणाची लांबी हा कवीच्या निर्णयाचा विषय झालेला होता. त्यानंतरच्या छंदमुक्त कवितेत तर ओळ कोठे तोडावी आणि कोठे एक पट्टी कोरी सोडावी, हे सांगणारा कोणताही बाह्य नियम उरला नाही. ओवीची ओळ चुकीच्या ठिकाणी तुटली तर कान ती दुरुस्त करून घेतो. छंदमुक्त कवितेतील कोरी पट्टी नाहीशी झाली तर ती परत मिळवून देणारे संहितेत दुसरे काहीच नसते.

3

या प्रश्नाला देवनागरी लिपीच्या घडणीमुळे आणखी एक परिमाण लाभते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. अक्षराखाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरे. वरच्या ओळीत ‘उद्धृत’ आणि नेमका त्याच्याखाली ‘मूर्तींमध्ये’ असा शब्द आला, तर दोन ओळींमधील एकाच चिंचोळ्या पट्टीवर दोघेही हक्क सांगतात. रोमन लिपीतही अक्षरांचे दांडे वर-खाली जातात. पण चिन्हांची अशी थरावर थर दाटी तेथे होत नाही.

खिळ्यांच्या मुद्रणात या संघर्षाला धातूचीच मर्यादा होती. प्रत्येक खिळ्याला स्वतःची उंची असे, आणि एका ओळीचे खिळे दुसऱ्या ओळीच्या खिळ्यांत शिरणे सामान्यतः शक्य नसे. जागा वाढवावयाची तर दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालाव्या लागत. ओळींमधील अंतराला मुद्रणव्यवसायात ‘लेडिंग’ म्हणतात ते या शिशावरूनच. अंतर म्हणजे तेथे एक वजनदार, मोजून ठेवलेली वस्तू होती. टंकलेखन यंत्रात ते रुळाच्या दात्यांनी ठरू लागले, आणि सायक्लोस्टाइलवर निघालेल्या अनेक अनियतकालिकांनी ही दातेरी मोजणी जशीच्या तशी स्वीकारली. फोटोमुद्रणात आणि त्यानंतर संगणकात अंतर हा केवळ एक आकडा झाला. तो कितीही वाढवता येतो, आणि अक्षरे एकमेकांवर चढेपर्यंत कमीही करता येतो.

हा आकडा आपोआप ठरवण्याची सोय पृष्ठरचनेच्या संगणकप्रणालींत असते. इनडिझाइनसारख्या प्रणालीत हे स्वयंचलित अंतर अक्षराच्या मापाच्या 120 टक्के असते. म्हणजे 10 पॉइंटच्या अक्षराला 12 पॉइंट. रोमन मुद्रणाच्या सवयीतून आलेले हे प्रमाण देवनागरीला अपुरे पडते. डोनल्ड नूथ यांच्या ‘टेक’ या प्रणालीत वेगळी तरतूद आहे. तेथे ओळींचे अंतर ठरलेले असते. पण वरच्या ओळीचा तळ आणि खालच्या ओळीचा माथा ठरावीक मर्यादेपलीकडे जवळ आले, तर त्या दोन ओळींपुरती जागा वाढते. टक्कर टळते, पण एकाच कडव्यातील एक अंतर इतरांहून मोठे होते. गद्यात हा दोष नजरेला खटकतो इतकेच. कवितेत मात्र तो विराम म्हणून वाचला जाण्याची शक्यता असते.

4

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात साहित्याचे माध्यम म्हणजे कागदावरील अक्षराकृती नव्हे, आणि नुसता नादही नव्हे. शब्दांचा भावनात्मक अर्थ हेच ते माध्यम होय. हा विचार स्वीकारला तर ओळींमधील कोरी जागा ही चित्रकलेच्या प्रांतातील गोष्ट ठरते आणि तिचा काव्यार्थाशी काही संबंध उरत नाही.

या आक्षेपाचा रोख योग्य आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष अपरिहार्य नाही. कोरी पट्टी डोळ्याला सुखावते म्हणून ती महत्त्वाची, असा दावा येथे नाही. ती अर्थांची जुळणी करते, हा दावा आहे. संवाद, विरोध आणि समतोल ही मर्ढेकरांचीच लयतत्त्वे घेतली, तर समान अंतराने येणाऱ्या ओळी संवादाची अपेक्षा निर्माण करतात आणि कडव्याअखेरचे मोठे अंतर त्या अपेक्षेला छेद देते. लय अर्थांचीच असते. मात्र कोणते अर्थ एका गटात वाचावयाचे आणि कोठे थांबावयाचे, याचे दिग्दर्शन पृष्ठ करते.

मालार्मेच्या फाशाच्या फेकीवरील दीर्घ कवितेचा मुद्रणेतिहास येथे उद्बोधक ठरतो. 1897 मध्ये ती ‘कॉस्मोपोलिस’ या नियतकालिकात आली तेव्हा समोरासमोरची दोन पाने एकच पृष्ठ मानण्याची कवीची योजना तेथे अमलात आली नाही. कोऱ्या जागांना या रचनेत महत्त्व आहे, हे त्याने प्रस्तावनेत नमूद केले होते. त्याच्या निधनानंतर, 1914 मध्ये, दुपानी मांडणीची पुस्तकरूप आवृत्ती निघाली. या दोन मुद्रणांचा विचार केवळ शब्दपाठापुरता केला, तर त्यांतील सर्वांत मोठा फरक हिशेबाबाहेर राहतो. जेरोम मॅक्‌गन यांनी 1991 मधील ग्रंथात भाषिक संकेत आणि ग्रंथीय संकेत असा जो भेद केला, तो अशाच प्रसंगी उपयोगी पडतो. दोन्ही संकेत मिळून संहिता सिद्ध होते. त्यांपैकी एकाची राखण करून दुसरा वाऱ्यावर सोडता येत नाही.

5

आता प्रमाणाचा मुद्दा आकड्यांत पाहता येईल. समजा, एका कवितेत ओळींमधील अंतर 18 पॉइंट आहे आणि कडव्यानंतर 9 पॉइंट अधिक सोडले आहेत. कडव्याअखेरचे अंतर 27, म्हणजे ओळीच्या अंतराच्या दीडपट झाले. पुनर्मुद्रणात मात्रा-उकारांची दाटी टाळण्यासाठी ओळींचे अंतर 22 केले आणि पाने वाढू नयेत म्हणून कडव्यानंतरची जादा जागा 4 वर आणली. आता 22 आणि 26 यांत फरक करावयाचा आहे. प्रमाण दीडपटीवरून 1.18 पटीवर आले. पान अधिक सुवाच्य झाले. पण कडवी एकमेकांत मिसळून गेली. उलट, सर्व पानांचा तळ एका रेषेत आणण्याचा आग्रह धरला की उरलेली जागा प्रणाली कडव्यांच्या अंतरांत वाटून टाकते आणि पानागणिक विराम लहान-मोठा होतो. ई-पुस्तकात तर ओळींचे अंतर वाचकच बदलतो. कडव्याचे अंतर ओळीच्या पटीत न बांधता ठरावीक मापात बांधलेले असेल, तर तेथेही प्रमाण ढळते.

सर्वांत अवघड जागा पानाच्या शेवटी असते. ओळ पानाच्या तळाशी संपली आणि पुढील ओळ नव्या पानावर आली, तर मध्ये कडवे पालटले की नाही हे कोणतेही अंतर सांगू शकत नाही. पुढील आवृत्ती याच आवृत्तीवरून जुळवली गेली, तर हा संदेह कायमचा निर्णय होऊन बसतो, आणि तो निर्णय कवीने घेतलेला नसतो. अशा संग्रहावर प्रबंध लिहिणारा अभ्यासक कवितेची रचना सहा कडव्यांची मानतो की पाचांची, हे मग पृष्ठरचनाकाराने ठरवलेले असते.

त्यामुळे समग्र कविता किंवा निवडक कविता सिद्ध करणाऱ्या संपादकावर काही कर्तव्ये येतात. आधारभूत आवृत्तीतील कडव्यांचे विराम हस्तलिखिताशी किंवा नियतकालिकातील पहिल्या मुद्रणाशी ताडून पाहावेत; पानाच्या तळाशी पडणारे विराम चिन्हाने किंवा टिपेत दर्शवावेत; जागेअभावी दुमडलेली ओळ आत सरकवून ती नवी ओळ नसल्याचे स्पष्ट करावे; आणि लिपीच्या गरजेसाठी ओळींचे अंतर वाढवल्यास कडव्यांचे अंतर त्याच प्रमाणात वाढवावे. समीक्षकानेही कवितेच्या रचनेविषयी विधान करताना ते कोणत्या आवृत्तीच्या पृष्ठावर आधारलेले आहे, हे सांगितले पाहिजे.