पिठातील भुंगेऱ्यांचे प्रजनन आणि प्रतिजैविके : एका प्रयोगपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
पिठातील भुंगेरा साठवणीच्या धान्याचा शत्रू असला, तरी प्रयोगशाळेत त्याला मानाचे स्थान आहे. गव्हाचे पीठ व थोडे यीस्ट एवढ्यावर त्याच्या पिढ्या वाढतात. त्याच पिठात प्रतिजैविक मिसळून प्रजननावरील परिणाम मोजणे सोपे आहे. मात्र त्या परिणामाचा अर्थ लावणे कठीण आहे. प्रस्तुत लेखात या अर्थनिर्णयाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
मायकेल वेड व लोरी स्टीव्हन्स यांचा १९८५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. 'ट्रायबोलियम कन्फ्यूजम' या जातीत जिवाणूबाधित नर व बाधामुक्त मादी यांच्या संकरातून जवळजवळ संतती होत नाही. उलट दिशेचा संकर मात्र फलद्रूप होतो. टेट्रासायक्लिनने जिवाणू नष्ट केल्यावर ही विसंगती नाहीशी होते. हा जिवाणू आज वोल्बाकिया म्हणून ओळखला जातो. या प्रयोगाचे बळ त्याच्या तर्कात आहे. औषधाच्या विषारीपणाने संतती घटू शकते. येथे मात्र औषधोपचारानंतर वांझ संकर फलद्रूप झाला.

याउलट, औषधानंतर संतती घटली एवढ्यावरून 'जिवाणू यजमानास आवश्यक आहे' असा निष्कर्ष काढणे सदोष होय. टेट्रासायक्लिन जिवाणूंची प्रथिननिर्मिती रोखते. तंतुकणिकांची प्रथिननिर्मितीही तशाच प्रकारची असल्याने तिलाही बाधा पोहोचू शकते. ड्रोसोफिला माशीत तर उपचारानंतर दोन पिढ्यांनीही तंतुकणिकांवर परिणाम आढळल्याचे बॅलार्ड व मेल्विन यांनी २००७ मध्ये दाखविले. शिवाय औषधमिश्रित पीठ कमी खाल्ले गेल्यास कुपोषणानेही अंडी घटतात. भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात, हे वेगळेच. त्यामुळे केवळ अंतिम संततीच्या संख्येवरून अंडी कमी घातली गेली, उबली नाहीत की खाल्ली गेली, हे कळत नाही.

निष्कर्ष :
बाधामुक्त वाणालाही तेवढीच मात्रा देणे, उपचारानंतर काही पिढ्या साध्या पिठावर वाढविणे, दोन्ही दिशांचे संकर करणे आणि अंडी वेगळी काढून मोजणे, या चार दक्षता अनिवार्य ठरतात. त्यांच्या अभावी प्रयोगातून औषधाचा परिणाम सिद्ध होईल. जिवाणूची भूमिका सिद्ध होणार नाही.