दोन्ही पक्षांचा वकील : 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधील विश्वासभंग

विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन'ने १९६७ मध्ये रंगमंचावर आणले. लीला बेणारेवरील अभिरूप खटला हे स्त्रीविषयक सामाजिक क्रौर्याचे चित्रण होय, हा त्याचा रूढ अर्थ यथार्थच आहे. तथापि, या क्रौर्याला न्यायालयाचेच रूप का लाभावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. त्यासाठी वकील सुखात्मे या पात्राचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

या खटल्यात सुखात्मे प्रथम फिर्यादी पक्षाचे काम चालवितात आणि नंतर जागा बदलून आरोपीचे वकील होतात. हा प्रकार हास्यकारक वाटला, तरी वकिली व्यवसायाच्या मूलतत्त्वावरच तो आघात करतो. अशिलाने वकिलाला व्यवसायाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, हे बंधन १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आले आहे. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम करू नये, हा बार कौन्सिलचा नियमही याच विश्वासाचे रक्षण करतो. सुखात्मे मात्र बचाव करताना बेणारेशी एका शब्दाचीही मसलत करीत नाहीत.

नाटकातील साक्षींचे स्वरूपही येथे लक्षणीय आहे. पोंक्षे हे बेणारेने विश्वासाने सांगितलेले गुपित उघड करतात. न्यायाधीश झालेले काशीकर स्वतःच साक्षीदार बनून कानावर पडलेले दूरध्वनीवरील संभाषण सांगतात. मित्राजवळ बोललेल्या गोष्टीला कायद्याचे असे संरक्षण नाही. खऱ्या न्यायालयातही पोंक्षे यांना साक्ष द्यावी लागली असती. ज्याच्यापाशी निर्धास्तपणे बोलावे असा एकच माणूस आरोपीला कायदा देतो, तो म्हणजे तिचा वकील. बेणारेला नेमका तोच नाही.

या दृष्टीने पाहता तिच्या अखेरच्या दीर्घ स्वगताला वेगळा अर्थ प्राप्त होतो. न्यायालय तिला निवेदनासाठी अवघे दहा सेकंद देते. त्यानंतरचे तिचे बोलणे सहकलाकारांपैकी कोणीच ऐकत नाही. हे स्वगत केवळ रंगतंत्राचा भाग नाही. विश्वासपात्र श्रोताच नसल्यामुळे तिच्या बचावाला स्वगताचे रूप घ्यावे लागले आहे.

हा सर्व खेळच असल्याने सुखात्मे यांना व्यवसायाचे नियम कसे लावावेत, असा आक्षेप संभवतो. परंतु नाटकातील सुखात्मे हे खरोखरीचे वकील आहेत. शिवाय, नाटकापूर्वी सहा वर्षे संमत झालेल्या १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३५ केवळ व्यावसायिक गैरवर्तनापुरते मर्यादित नाही. 'अन्य' गैरवर्तनाबद्दलही राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती वकिलाला समज देऊ शकते, त्याची सनद काही काळ निलंबित करू शकते वा नामावलीतून त्याचे नाव काढू शकते. वकिलाची शिस्त न्यायालयाच्या उंबरठ्यावर संपत नाही, हे गृहीतक त्यामागे आहे. व्यवसायात अपयशी ठरलेल्या सुखात्मे यांना मात्र खेळातील आरोपी खरी सापडताच उत्साह येतो.

सारांश, तेंडुलकरांनी न्यायालयाचे सर्व बाह्योपचार कायम ठेवून त्यातील गोपनीयतेचे बंधन तेवढे काढून घेतले आहे. ते गेल्यावर उरते ती झुंड. वकिली शिस्तीकडे केवळ व्यवसायाची अंतर्गत बाब म्हणून पाहणाऱ्यांना हे नाटक म्हणूनच आजही अस्वस्थ करते.