शिसे, ग्लुटामेट आणि लेबल

पाकीटबंद अन्नावर आपल्या शासनाने केलेली सर्वांत गाजलेली कारवाई म्हणजे जून २०१५ मधील मॅगी नूडल्सवरची बंदी. कोणी तिचे कौतुक केले, कोणी तिला आततायीपणा म्हटले. आमचा आक्षेप निराळा आहे. दोन वेगळे प्रश्न एकाच आदेशात कोंबले गेले आणि त्यांतला भक्कम प्रश्न वाया गेला.

पहिला प्रश्न शिशाचा. मर्यादा दशलक्ष भागांत २.५ भाग; कोलकात्याच्या प्रयोगशाळेचा आकडा १७.२. इतक्या सूक्ष्म मापनात काचपात्रे, आम्ले, हवेतली धूळ यांतूनही शिसे नमुन्यात शिरू शकते. म्हणून तर प्रयोगशाळेला त्या विशिष्ट चाचणीची मान्यता लागते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये बंदी रद्द केली ती मुख्यतः अशी मान्यता नसल्यामुळे आणि कंपनीचे म्हणणे ऐकून न घेतल्यामुळे. मोहाली, हैदराबाद व जयपूर येथील फेरतपासणीत शिसे मर्यादेच्या आत निघाले.

दुसरा प्रश्न लेबलाचा. पाकिटावर ‘एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट) घातलेले नाही’ अशा अर्थाचा मजकूर होता आणि चाचणीत ग्लुटामेट सापडले. विज्ञानशिक्षकांनी येथे जरा थांबावे. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असते. पाण्यात विरघळल्यावर तो आयन आणि कारखान्यातल्या पांढऱ्या भुकटीतला आयन यांत काडीचाही फरक नसतो. चाचणी ‘किती’ ते सांगते, ‘कोणी घातले’ ते सांगत नाही. ते कारखान्यात जाऊन, कच्च्या मालाच्या नोंदी तपासूनच कळणार. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही गोष्ट २०१६ साली लेखी मान्य केली. बंदीच्या आधी केली असती तर बरे झाले असते!

मग लेबल निर्दोष होते काय? आमच्या मते नाही. मसाल्यात शेंगदाण्याचे जलअपघटित प्रथिन होते. जलअपघटनाने प्रथिनात बांधलेले ग्लुटामिक आम्ल मोकळे होते आणि तेच चव वाढवते. असा घटक घालून वर ‘एमएसजी घातलेले नाही’ म्हणणे शब्दशः खरे असेल, पण वाचणाऱ्या आईची समजूत ‘यात ते नाहीच’ अशी होते. ही दिशाभूल दाखवायला परीक्षानळी लागत नव्हती. पाकीट उलटून घटकांची यादी वाचणे पुरेसे होते. शासनाने तेवढाच मुद्दा धरला असता, तर तो शिशाच्या आकड्याखाली दडपला गेला नसता. ग्राहकांच्या वतीने शासनाने मागितलेली सुमारे ६४० कोटी रुपयांची भरपाईही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये फेटाळली.