सुधाकराचा गुन्हा

गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’चा नायक सुधाकर हा वकील आहे, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. स्वेच्छेनें केलेल्या मद्यपानाची धुंदी गुन्ह्याला सबब होत नाहीं, हा १८६० च्या दंडसंहितेचा दंडक त्याला ठाऊक असणारच. २०२३ च्या न्यायसंहितेनेंहि तो कायम ठेवला आहे. परंतु दीर्घ व्यसनानें मेंदूच्या पुढल्या भागाची मोहास आवरण्याची शक्ति क्षीण होते, असें आजचें मेंदुशास्त्र सांगतें. तळीरामानें पुढें केलेला पहिला प्याला सुधाकरानें स्वखुशीनें घेतला खरा. तान्ह्या मुलाचा जीव घेतांना ती खुशी कितपत उरली होती? उद्यां आमच्या कर्जत-खालापुराकडील एखाद्या खटल्यांत वकिलानें मेंदूचें चित्र पुढें केलें, तर न्यायाधीशानें कोणत्या प्याल्याचा हिशेब धरावा? आमच्या मतें शिक्षा टळूं नये. तिचें मोजमाप करतांना मात्र तें चित्र विचारांत घ्यावें. गडकरी येथें न्यायालयाचें दारच लावून घेतात. मरणोन्मुख सिंधू पोलिसांना खोटी जबानी देते, सुधाकर विषाचा प्याला घेतो आणि खटला उभाच राहत नाहीं. प्रेक्षक रडतात (आम्हीहि रडलों). पण नायकाला वकील करून जो प्रश्न हातीं आला होता, तो नाटककारानें सोडून दिला.